स्वयंपाकघरातला कान

भाई मयेकर कुणाच्याही घरी ॲम्प्लिफायर ऐकायला गेला की बाहेरच्या खोलीत बसायचा नाही. घरमालक खुर्ची पुढे करायचा, स्पीकर कुठे ठेवलेत ते कौतुकाने दाखवायचा, आणि हा माणूस चपला काढून “असू दे, असू दे” म्हणत थेट आत स्वयंपाकघरात जायचा. तिथे पाट नाहीतर स्टूल ओढून बसायचा आणि आतून सांगायचा, “लावा तुमी.” मग गाणं बाहेर आणि भाई आत. घरातली बाई जे काम करत असेल ते अर्धं स्वतःकडे ओढून घ्यायचा. लसूण सोल, नारळ खव, कोलंबी साफ कर. सोबत गप्पा. अर्ध्या तासाने हात पुसत बाहेर यायचा आणि म्हणायचा, “हा ठेवा.” किंवा, “हा परत करा.” का, ते सांगायचा नाही. कुणी विचारायचंही नाही.

रत्नागिरीत आमच्या बाजूला ज्या ज्या घरात बऱ्यापैकी गाणं वाजतं, त्यातल्या बहुतेक घरांतला ॲम्प्लिफायर या माणसाने असा स्वयंपाकघरात बसून पसंत केलेला आहे. डॉक्टरीणबाईंचा, शाळेतल्या दोन मास्तरांचा, कोर्टातल्या वकिलांचा. माझ्यासुद्धा.

आणि मी कोण? वीज खात्यात बत्तीस वर्षं काढलेला इंजिनियर. व्होल्ट, वॅट, अर्थिंग ही माझी घरची माणसं. ॲम्प्लिफायर म्हणजे तरी काय, मोबाइलमधून किंवा सीडीमधून येणाऱ्या बारीकशा विजेला बळ देऊन स्पीकर हलवणारा डबा. विजेचंच काम. तरी गावात कुणाला ॲम्प्लिफायर घ्यायचा झाला की तो माझ्या दारावरून पुढे जायचा आणि भाईचं फाटक वाजवायचा. भाई कोण, तर बोटीवरचा कुक. उभं आयुष्य मालवाहू बोटींवर खलाशांना भात-कालवण वाढण्यात गेलेलं. ओहमचा नियम त्याला विचारला असता तर त्याने कुठल्या बंदराचा म्हणून विचारलं असतं.

तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी या माणसावर जळायचो. आवडत नव्हता, पटत नव्हता वगैरे सभ्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. पोटात दुखायचं माझ्या. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचो, कारण वयाने सहा वर्षं मोठा. मनात मात्र तो कायम अरेतुरेच राहिला, आणि लिहितानाही मला तो बदलता येत नाही.

दिसायला बुटका, टक्कल पडलेला, खांद्यावर कायम एक पंचा. दोन्ही हातांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग. जमिनीवर उतरून पंधरा वर्षं झाली तरी पाय फाकवून चालायचा, जणू आत्ता बोट कलंडेल. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी राजापूरला दिलेली. आमच्या घरापासून चौथ्या घरात तो एकटा राहायचा आणि रोज चार माणसांचं रांधायचा. उरलेलं आळीत वाटायचा. त्याची तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, आमटी माझ्या घरी यायची तेव्हा मालती, म्हणजे माझी बायको, डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेत उभी राहायची. मी तोपर्यंत पानावर बसलेला असायचो.

आवाजाबद्दल बोलायचा तेही स्वयंपाक्याच्या भाषेत. वरचे सूर टोचायला लागले की, “मीठ जास्त झालंय.” खालचा आवाज पोकळ असला की, “नुसतं पाणी हाय, डाळ खाली बसली.” आवाज मोठा केल्यावर फाटला की, “वाटण जळलं.” एकदा वकिलांच्या घरी मी होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “भाई, याला वाटण म्हणत नाहीत. याला हार्मोनिक डिस्टॉर्शन म्हणतात. मोजता येतं ते. टक्केवारीत.”

भाईने मान डोलावली. “बरोबर हाय आप्पा. तेच ते. वाटण जळलं.”

वकीलसाहेब म्हणाले, “हां, आता कळलं.” मी समजावलेलं नाही, त्याचं.

स्वयंपाकघरात का बसतो, ते त्याने एकदाच सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. बोटीवर जेवणाच्या खोलीत गाण्याचं मशीन होतं. खलाशांच्या कानात दिवसभर इंजिन. मशीनचा आवाज टोचणारा असला की पोरं भरभर गिळून उठायची, एकमेकांशी बोलायची नाहीत. पुढे कुठल्याशा बंदरातून दुसरं मशीन आणलं, तर तीच माणसं, तोच भात, आणि जेवणं तासभर चालायची. “माणूस दुसऱ्यांदा भात मागतो का, ते बघायचं,” भाई म्हणाला. “गाणं समोर बसून काय, सगळ्यांनाच बरं लागतं. समोर बसणारा पाच मिनिटं बसतो. घरातली बाई दिवसभर ऐकते. तिला त्याच्यात बोलता आलं पाहिजे.”

आता हे ऐकायला ठीक आहे. पण हे शास्त्र आहे का?

पावसच्या एका बागायतदाराची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कलमांची मोठी बाग, नवीन बंगला, आणि मुंबईहून मागवलेला ट्रंकेएवढा ॲम्प्लिफायर. दोन माणसांनी उचलायचा. त्यांनी भाईला खास गाडी पाठवून नेलं, निवडायला नाही, कौतुक करायला. मीही सोबत गेलो, कारण असली वस्तू मला बघायची होती. खरंच सुंदर होती. आतली तांब्याची गुंडाळी बघून माझे हात शिवशिवले. बागायतदारांनी गाणं लावलं आणि आम्ही दोघं सोफ्यावर छाती धडधडेपर्यंत ऐकत बसलो. भाई आत होता. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, “परत करा.”

बागायतदारांचा चेहरा पडला. “अहो, का पण?”

“तुमच्या बायकोने चहात साखर किती ते तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ओरडून. मग विचारायचंच सोडून दिलं.” त्याने माझ्याकडे बोट केलं. “आप्पांना बिनसाखरेचा आलाय बघा.”

मी घोट घेतला. खरंच बिनसाखरेचा होता. महिन्याभराने ॲम्प्लिफायर परत गेला. त्या बागायतदारांनी दर मोसमाला आंब्याची पेटी पाठवली ती भाईला. मीही तिथे होतो, पण माझी आठवण कोणाला यायची?

असो. माझ्या घरात तो शिरला कसा, ते सांगतो. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून शाल, श्रीफळ आणि लाकडी पेटीचे दोन उंच स्पीकर दिले. मालतीला गाण्याचं वेड आहे हे त्यांना माहीत होतं. जुनी भावगीतं, नाट्यपदं, अभंग, तिच्याकडे सीडींचे दोन डबे भरलेले. स्पीकर भारीपैकी होते. फक्त ते ॲम्प्लिफायरशिवाय वाजत नाहीत हे विजेच्या खात्यातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. समारंभात टाळ्या झाल्या, टेंपोतून स्पीकर घरी आले, मालतीने पुसून कोपऱ्यात उभे केले, आणि दोघे मुके दीपस्तंभासारखे उभे राहिले.

मी म्हटलं, ही आपली वेळ. आठ दिवस खपून मी तक्ता केला. सात ॲम्प्लिफायर, प्रत्येकाचे वॅट, डिस्टॉर्शन, स्पीकरशी जुळतो की नाही, दुरुस्ती कुठे होते, आमच्या दमट हवेत गंजेल का. लाल पेनाने रेघा मारल्या. तक्ता घेऊन मी मालतीसमोर बसलो आणि तिला एकेक रकाना समजावला. तिने सगळं ऐकलं, चष्मा काढला, आणि विचारलं, “भाईंना विचारलंत का?”

तीस वर्षांचा संसार. मी खांबावर चढलो, मी तारा जोडल्या, अर्ध्या जिल्ह्यात उजेड नेला. आणि घरात एक डबा आणायचा तर कुकला विचारा. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. तेव्हापासून मला एकच हवं होतं. मालतीने एकदा, फक्त एकदा, भाईला न विचारता मला म्हणावं की तुमचं बरोबर आहे.

पण झालं उलटंच. दुसऱ्याच दिवशी भाई दोन ॲम्प्लिफायर तांदळाच्या गोणीत घालून रिक्षाने आला. एक वकिलांकडून मागून आणलेला, मोठा. एक त्याचा स्वतःचा, बोटीवर असताना जपानातून आणलेला, लहानसा, चंदेरी, कोपऱ्यात पोचा आलेला. मला म्हणाला, “आप्पा, तुमी जोडा. तुमचा हात हाय त्याच्यावर.” आणि आत गेला.

मी बाहेर फरशीवर पालथा पडून तारा बदलतोय आणि आत कोलंबी सोलणं चाललंय, असा तो रविवार. मधे भिंत. चिऱ्याची, चांगली दीड फूट जाड. शब्द कळायचे नाहीत, नुसता मालतीचा आवाज यायचा. ती बोलत होती. मधेच थांबायची, भाई काहीतरी एखादा शब्द बोलायचा, की पुन्हा ती सुरू. माझ्याशी बोलताना ती यादी वाचल्यासारखी बोलते. गॅस संपलाय, दळण आणा, बिल भरलंत का. हे तिचं दुसरं बोलणं मी लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ऐकलं असेल. मी मोठा ॲम्प्लिफायर लावला तेव्हा तिचं बोलणं थांबलं. लहान लावला तेव्हा पुन्हा सुरू झालं, आणि एकदा ती चक्क हसली.

“हाच,” भाई बाहेर येऊन म्हणाला. “मोठा वकिलांना देऊन टाका. हा तुमच्याकडे ऱ्हाऊ दे.”

“अहो पण हा चाळीस वॅटचा,” मी म्हटलं.

“तुमाला काय मिरवणूक काढायचीय?”

मालती आतून हसली. दुसरं हसू.

तेव्हापासून दर रविवारी भाई यायचा. गाणं ऐकायला म्हणून. सीडी मी लावायची, आवाज मी जुळवायचा, आणि तो आत. मी बाहेरच्या खोलीत एकटा, दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे ऐकायला सगळ्यात उत्तम ती जागा म्हणतात तिथे. एकही गाणं माझ्या डोक्यात शिरायचं नाही. माझे कान भिंतीला लागलेले.

वाईट अर्थाने घेऊ नका. मालतीवर किंवा भाईवर माझा तसला संशय कधीच नव्हता, आमचं वय बघा. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. मला झोंबायचं ते वेगळंच. माझ्या घरात, माझ्या बायकोला, जे बोलावंसं वाटत होतं ते ती त्याच्याशी बोलत होती.

त्यातच ते घरघरीचं प्रकरण झालं. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर त्या लहान ॲम्प्लिफायरमधून गाण्याच्या मागे बारीक घुं घुं यायला लागलं. मी मनातून खूश झालो. हे विजेचं दुखणं, इथे मिठाचं काम नाही. मी निदान केलं की घराचं अर्थिंग सुकलंय. मग मागच्या अंगणात पहारीने खड्डा खणायला घेतला. जांभ्या दगडात खड्डा खणणं म्हणजे काय ते खणल्याशिवाय कळायचं नाही. दोन दिवस लागले, कंबर गेली. तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ आणि कोळसा घातला, पाणी ओतलं. घामाघूम होऊन आत आलो, ॲम्प्लिफायर लावला. घुं घुं.

रविवारी भाई आला. आत जाता जाता त्याने ऐकलं, वाकला, ॲम्प्लिफायरची दोन पायांची पिन काढली, उलटी केली, पुन्हा खोचली. घरघर गेली.

“बोटीवर असंच करायचो,” म्हणाला, आणि आत गेला.

त्यामागे कारण आहे. जुन्या जपानी मालात तसं होतं, मी चार ओळींत समजावून देऊ शकतो. पण मला ते सुचलं नाही, आणि त्याला कारण ठाऊक नव्हतं तरी सुचलं. मी मागच्या दारी गेलो आणि तो खड्डा बघत बसलो. आतून मालतीचा आवाज आला, “अहो, यांनी दोन दिवस खणलं हो.” मला वाटलं, आता दोघं हसणार. मी उठून बाजारात निघून गेलो.

त्या दिवशी मी ठरवलं, याला एकदा तोंडघशी पाडायचाच.

मी गुपचूप मुंबईहून नवीन ॲम्प्लिफायर मागवला. माझ्या तक्त्यातला पहिल्या नंबरचा. काळा, जड, पुढे निळा दिवा, दीडशे वॅटचा. तो आला तेव्हा मालती म्हणाली, “हा कशाला आता? आहे तो छान चाललाय. आणि भाईंना...” मी पुढचं बोलू दिलं नाही. म्हटलं, “रविवारी भाईंनाच निवडू दे.”

माझा डाव असा. नवीन ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवायचा, दिवा चालू, पण स्पीकरच्या तारा त्याला जोडायच्याच नाहीत. आधी सांगायचं, हा माझा नवीन, आणि वाजवायचा भाईचा जुनाच. मग बंद करून दोन मिनिटं खुडबुड करायची, सांगायचं, आता तुमचा, आणि पुन्हा तोच जुना वाजवायचा. भाई कुठलाही एक चांगला म्हणाला की मी आत जाऊन मालतीसमोर सांगणार होतो, दोन्ही वेळा एकच होता, काय तुमच्या कानाची किंमत. हा डाव तेव्हा मला फार हुशारीचा वाटला. साठी उलटलेला माणूस, पण आदल्या रात्री झोप नाही.

रविवारी भाई आला, चपला काढल्या, नवीन डब्याकडे बघून “बरा दिसतो” म्हणाला, आणि आत गेला. मालती ओलं खोबरं वाटत होती. मी ओरडून सांगितलं, “पहिला माझा.” दहा मिनिटं गाणं झालं. मग बंद केलं, तारांशी खेळल्याचं नाटक केलं, पुन्हा चालू केलं. “आता तुमचा.” आत थोडा वेळ मालतीचं बोलणं चाललेलं, मग कुजबुज, मग शांत. गाणं संपलं.

भाई दारात आला. मागे मालती, हाताला खोबरं लागलेलं.

“पहिला,” भाई म्हणाला. “तुमचा चांगला हाय, आप्पा. माझा आता काढून ठेवा.”

सापडला होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. तेवढ्यात मालती पुढे आली आणि म्हणाली, “बघा, तुमचं बरोबर होतं.” आणि हसली. माझ्याकडे बघून.

आता काय करणार? खरं सांगितलं तर भाईचा कान खोटा पडणार, आणि त्याबरोबर हे वाक्यही खोटं पडणार. चार वर्षं वाट बघितलेलं वाक्य. मी तोंड मिटलं. “बसा भाई, चहा घेऊन जा,” एवढंच म्हणालो.

मग खरोखर माझा लावावा लागला. भाईचा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला, कारण परत घ्यायला तो तयार नव्हता. आणि माझा वाजायला लागला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मला कळलं की मीठ जास्त झालंय. हो, भाईचाच शब्द, दुसरा सापडत नाही. बाईचा आवाज वर गेला की कानात सुई जायची. आकडे सगळे बरोबर, तक्ता बरोबर, आणि अर्ध्या तासात डोकं चढायचं. मालती रोज लावायची. “छान आहे हो,” म्हणायची. “भाई म्हणाले ते खरंच.” म्हणजे मी जिंकलो होतो तेही त्याच्याच शिफारसपत्रावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आळीत बातमी पसरली की भाईंनी आप्पांची निवड पास केली. दोघेतिघे मला विचारायला आले, आप्पा आमच्याकडे कुठला घेऊ? मी आयुष्यभर ज्या मानासाठी तळमळलो तो असा आला, आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. मी म्हणायचो, भाईंना विचारा. मालती दापोलीला माहेरी गेली की मात्र मी शिडी लावून माळ्यावर चढायचो, तो चंदेरी डबा खाली आणायचो आणि दोन दिवस पोटभर ऐकायचो. ती यायच्या आत पुन्हा वर.

भाई रविवारी येतच राहिला. आत बसायचा. मला कधी टोमणा मारायचा नाही, हिणवायचा नाही. उलट लोकांना सांगायचा, “आप्पांच्या घरी जाऊन ऐका.” त्याचं हे मोठेपण मला सगळ्यात जास्त बोचायचं. असली तीन वर्षं गेली.

यंदा तो न्हाणीघरात पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकट्याने राहणं संपलं. राजापूरहून मुलगी गाडी घेऊन न्यायला आली. मालती आदल्या दिवशी भेटून रडून आली होती. सकाळी तिने माझ्या हातात कोलंबीच्या लोणच्याची बरणी दिली आणि म्हणाली, “तुम्ही द्या.”

मी गेलो तेव्हा त्याला पुढच्या सीटवर बसवून झालं होतं. खांद्यावर तोच पंचा. मुलगी घराला कुलूप लावत होती. गाडीपाशी आम्ही दोघेच. मी बरणी दिली, आणि मग मला दम धरवेना. म्हटलं, हा चालला, आता नाही तर कधीच नाही.

“भाई, एक सांगायचं राहिलंय,” मी म्हणालो. “त्या रविवारी मी दोन्ही वेळा तुमचाच लावला होता. माझा लागलाच नव्हता.”

“ठाऊक हाय,” भाई म्हणाला.

“कसं?”

“माझा डबा चालू केला की स्पीकरमधून आधी टुक असं वाजतं. वैनी रोज ऐकायच्या आतून. पहिल्यांदा पण टुक, दुसऱ्यांदा पण टुक. वैनी म्हणाल्या, हे बाहेर कायतरी भानगड करतायत.”

म्हणजे मालतीलाही ठाऊक होतं. तीन वर्षं.

“मग तुम्ही माझा चांगला का म्हणालात?”

“वैनींनी सांगितलं तसं. म्हणाल्या, भाई, आज ह्यांचा पास करा. रिटायर झाल्यापासून ह्यांना कुणी बरोबर म्हटलेलं नाय, मनाला लावून घेतात.”

मी दाराची काच धरून उभा. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीच. पण त्याआधी तेच जुनं वर आलं. मी म्हणालो, “म्हणजे तुम्ही दोघांनी आत बसून माझं ठरवलंत.”

भाईने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, आमच्या एवढ्या वर्षांच्या ओळखीत त्याला तेव्हा पहिल्यांदा माझा राग आला.

“आप्पा, तुमाला काय वाटायचं, आत आमी काय बोलतो? मी यायचो गाणं ऐकायला. आणि वैनी तुमचं सुरू करायच्या. आप्पांना झोप लागत नाय. आप्पांचा गुडघा. आप्पांनी दोन दिवस खड्डा खणला, कंबर धरली, आता काय करू. वादळात सगळी लाइट गेली तेव्हा तुमी तीन दिवस घरी आला नाय, खांबावर चढून हॉस्पिटलची लाइन जोडलीत, ती गोष्ट मी पाच वेळा ऐकली. पाच वेळा. प्रत्येक वेळी रडायच्या. तुमच्या घरात मला एक गाणं धड ऐकायला मिळालं नाय.”

तो पंच्याने कपाळ पुसत होता.

“माझी मंडळी गेली तेव्हा मी बोटीवर होतो,” तो म्हणाला. “माझं असं कुणाजवळ बोलायची का ती, ते आता कुणाला विचारू?”

मुलगी आली. गाडीत बसली, मला नमस्कार केला. भाईने बरणी दोन्ही पायांच्या मधे नीट ठेवली आणि मान हलवली. गाडी आळीतून बाहेर पडली, वळणावर क्षणभर थांबली, काचेतून त्याचं टक्कल आणि खांद्यावरचा पंचा दिसला, मग तेही दिसेनासं झालं.

मी तिथेच उभा होतो, आणि खरं सांगतो, अजूनही जळत होतो. त्या वादळाची गोष्ट मालतीने त्याला पाच वेळा सांगितली होती. मला एकदाही नाही.